घरी परतलेला संगीतकार : सर्गेई प्रोकोफिएव्ह आणि त्याचे बॅले

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेले भाषण. मधूनमधून रेकॉर्डी ऐकवल्या होत्या. त्या जागा तशाच ठेवल्या आहेत.)



गणपतीपुढे रशियन संगीतावर व्याख्यान, याचे काहींना नवल वाटले असेल. पत्रिका हातात पडताच एका काकूंनी आम्हांला जिन्यातच गाठले आणि म्हणाल्या, "अरे, आरतीनंतर हे काय नवीनच काढलंत?" आम्ही म्हणालो, "काकू, अर्धा तास बसा आणि मग रागवा." त्या आज पहिल्याच रांगेत आहेत, तेव्हा जपूनच बोलायला हवे.

आम्ही म्हणजे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून रेकॉर्डी ऐकणारे पाच-सहा जण. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शिक्षक, एक जण मंडळाच्या भजनात पेटी वाजवणारा. पाश्चात्त्य संगीत आम्ही शिकलेलो नाही. पूर्वी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात मेलोडिया कंपनीच्या रेकॉर्डी स्वस्तात मिळत, त्यांतल्या काही घरोघरी राहिल्या. त्या ऐकता ऐकता एका माणसाने आम्हांला धरून ठेवले. त्याचे नाव सर्गेई प्रोकोफिएव्ह. त्याचे बॅले आणि त्याचे आयुष्य ही एकच गोष्ट कशी होते, तेवढे आज सांगायचे आहे.

सुरुवात हिंदुस्थानापासूनच करतो, आणि ही ओढूनताणून आणलेली गोष्ट नव्हे. प्रोकोफिएव्हचा जन्म १८९१ चा. गाव सोन्त्सोव्का, तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनच्या दोनेत्स्क प्रांतात आहे. वडील शेतीतज्ज्ञ, एका जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार पाहणारे. आई पियानो वाजवायची. पोरगा पाच वर्षांचा असताना, १८९६ साली, घरातली मोठी माणसे वर्तमानपत्रांत वाचलेल्या हिंदुस्थानातल्या दुष्काळाबद्दल बोलत होती. ते बोलणे पोराच्या कानावर पडले. त्याने पियानोवर आपली पहिली चाल रचली आणि तिला नाव दिले 'हिंदुस्थानी गॅलप', म्हणजे दौडीचा नाच. त्याला सुरलिपी येत नव्हती. आईने ती चाल लिहून काढली, म्हणून ती आज उरली आहे.

दुष्काळावर दौडीचा नाच का, हे त्या पोरालाच ठाऊक. पण त्यातली एक गंमत आमच्या पेटीवाल्यांनी दाखवली. ही चाल पांढरी चारमध्ये आहे. पांढरी चारला सा धरला तर शुद्ध मध्यमासाठी काळी पाच दाबावी लागते. पोराला काळ्या पट्ट्यांची भीती वाटायची. म्हणून त्याने ती पट्टी सोडली आणि शेजारची पांढरी सात दाबली. झाला तीव्र मध्यम! म्हणजे सगळे स्वर आपल्या कल्याण थाटाचे. ज्या बडोद्यात १९१६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या बडोद्यातल्या माणसाच्या कानाला ही चाल परकी वाटायचे कारण नाही. अर्थात त्या पोराला कल्याण माहीत नव्हता, हेही सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी रशियात यमन पोचल्याचे छापून मोकळे होईल.

आता बॅलेविषयी दोन शब्द. आपण संगीत नाटकावर वाढलेली माणसे. नाटकात पद सुरू झाले की शब्द अर्थ सांगतात आणि चाल तो अर्थ खुलवते. बॅलेत शब्द नसतो. नर्तक बोलत नाही, गात नाही. कोण रागावला, कोण लाजली, कुणाच्या मनात पाप आले, हे सारे वाद्यवृंदाने सांगायचे आणि शरीराने दाखवायचे. शिवाय संगीतकाराला मोकळे रान नसते. या प्रसंगाला इतकी मिनिटे, त्या नाचाला तितकी, असा आराखडा हातात येतो आणि त्यात बसवून लिहावे लागते. या अडचणीत जो फुलतो तो बॅलेचा संगीतकार.

प्रोकोफिएव्ह तेराव्या वर्षी, १९०४ साली, सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. रिम्स्की-कोर्साकोव्हसारखे गुरू लाभले. पोरगा हुशार, पण तोंडाळ. १९१४ साली तिथली पियानोची मोठी स्पर्धा त्याने स्वतःच रचलेला कॉन्चेर्तो वाजवून जिंकली. त्यानंतर तो लंडनला गेला आणि तिथे त्याला सर्गेई दियागिलेव्ह भेटला. हा दियागिलेव्ह म्हणजे रशियन बॅले पॅरिस-लंडनला नेऊन गाजवणारा मोठा कंपनीवाला. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचे जुने मालक आठवा, तोच खाक्या. त्याने प्रोकोफिएव्हचा पहिला बॅले साफ नाकारला आणि दुसरा मागितला. रशियन माणसाने रशियन संगीत लिहावे, असा त्याचा आग्रह होता. मग प्रोकोफिएव्हने लोककथांच्या संग्रहातून एका विदूषकाची गोष्ट घेतली, सात विदूषकांना गंडवणाऱ्या आठव्याची. तो बॅले, 'विदूषक', पॅरिसला १९२१ साली रंगभूमीवर आला.

मधल्या काळात रशियात क्रांती झाली होती. १९१८ साली प्रोकोफिएव्ह सैबेरियातून रेल्वेने व्लादिवोस्तोकला, तिथून जपानला आणि पुढे अमेरिकेला गेला. तो पळून गेला नव्हता. रीतसर परवानगी घेऊन, थोड्या दिवसांसाठी म्हणून निघाला होता. श्रोतेहो, थोड्या दिवसांसाठी म्हणून निघालेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या प्रत्येक घरात आहेत. पणजोबा नोकरीसाठी दोन वर्षे म्हणून इकडे आले, आणि आज त्यांची चौथी पिढी इथे बसली आहे. प्रोकोफिएव्हची थोडी वर्षे अठरा झाली.

त्या अठरा वर्षांत अमेरिका झाली, जर्मनी झाली, पॅरिस झाले. १९२३ साली त्याने लीना कोदिना या माद्रिदला जन्मलेल्या गायिकेशी लग्न केले. दोन मुलगे झाले. नाव झाले, पैसा मिळाला. पण अमेरिकेत रशियन पियानोवादक म्हटला की लोक रखमानिनोव्हचे नाव घेत आणि पॅरिसमध्ये रशियन संगीतकार म्हटला की स्त्राविन्स्कीचे. प्रोकोफिएव्ह नेहमी दुसरा.

१९२७ साली दियागिलेव्हने त्याचा 'पोलादी पाऊल' हा बॅले केला. सोव्हिएत रशियातला कारखाना, हातोडे, चाके, यंत्रे, असे सगळे रंगमंचावर. पॅरिसच्या श्रीमंतांनी टाळ्या वाजवल्या. हाच बॅले मॉस्कोला करायची गोष्ट निघाली, तेव्हा तिथल्या कट्टर संगीतकारांनी झोडपून काढले, की पॅरिसमध्ये बसून याला कारखाना काय कळतो! परदेशात रशियन आणि रशियात परदेशी, अशी गत झाली. ही गतही आपल्याला नवी नाही. गुजरातीत आपण मराठी आणि पुण्याला गेलो की बडोद्याचे.

मग १९२९. 'उधळ्या मुलगा' हा बॅले. गोष्ट बायबलातली. मुलगा वाटणी घेऊन घर सोडतो, सगळे उधळतो, नागवला जातो आणि बापाच्या दारात परत येतो. नृत्य बसवले बालांशिन या तरुणाने. पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंद स्वतः प्रोकोफिएव्हने चालवला. शेवटी मुलगा गुडघ्यांवर सरपटत बापाकडे येतो. बाप हलत नाही, वाट पाहतो आणि मग त्याला उचलून आपल्या झग्यात लपेटून घेतो. या जागी संगीतात गाजावाजा नाही. चाल अगदी साधी, मोकळी, श्वास घेत चालणारी. ऐका.

(येथे 'उधळ्या मुलगा' मधील अखेरचा भाग ऐकवला.)

या प्रयोगानंतर तीन महिन्यांत दियागिलेव्ह व्हेनिसला वारला. आणि प्रोकोफिएव्हच्या मनात घराचा विचार घर करून बसला. आपल्या भोवती रशियन बोली कानावर पडली पाहिजे, त्याशिवाय आपल्याला सुचत नाही, असे त्याने एका फ्रेंच मित्राला सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. १९२७ पासून तो मॉस्कोला दौरे करीत होता. तिथे सभागृहे भरत, लोक डोक्यावर घेत. नव्या बॅलेची, ऑपेराची, सिनेमाची आश्वासने मिळत. १९३६ साली तो बायकामुलांसह मॉस्कोला राहायला गेला. उधळ्या मुलगा घरी आला.

पण बापाचा झगा कसा होता, ते आता ऐका.

परतण्याच्या आदल्या उन्हाळ्यात, १९३५ साली, त्याने 'रोमिओ आणि ज्युलिएट' हा बॅले लिहिला. पहिल्या मसुद्यात शेवट गोड होता. ज्युलिएट वेळेवर जागी होते आणि दोघे नाचतात. कारण अगदी व्यवहारी होते. जिवंत माणसे नाचू शकतात, मरणारी पडल्यापडल्या नाचू शकत नाहीत, असे त्याने पुढे लिहिले आहे. मग कुणीतरी त्याला म्हणाले, की शेवटच्या संगीतात तुमचा खरा आनंद नाही. ते त्याला पटले. त्याने शेवट बदलला आणि मृत्यूवरच नाच रचला.

तरीही बोल्शोय थिएटरने हे संगीत नाचण्याजोगे नाही असे म्हणून बॅले बाजूला ठेवला. त्यामागे भीतीही होती. १९३६ च्या आरंभी 'प्राव्दा'ने आधी शोस्ताकोविचच्या ऑपेरावर आणि पाठोपाठ त्याच्या बॅलेवर तोफ डागली. मग नवे काही करायला कुठलेच नाट्यगृह धजेना. 'रोमिओ'चा पहिला प्रयोग शेवटी परदेशात झाला, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात, ३० डिसेंबर १९३८ ला. मायदेशी तो यायला १९४० उजाडले. ११ जानेवारीला लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरात पहिला प्रयोग झाला. नृत्यदिग्दर्शक लाव्ह्रोव्स्की, ज्युलिएट गालिना उलानोवा, रोमिओ कोन्स्तान्तिन सर्गेयेव्ह.

तालमी म्हणजे भांडणेच. नर्तकांना ठेका सापडेना. रंगमंचाच्या आतल्या बाजूला वाद्यवृंद ऐकूच येत नाही, अशी त्यांची तक्रार. प्रोकोफिएव्ह भडकला, की तुम्हांला संगीत नको, ढोल हवेत! लाव्ह्रोव्स्कीने त्याला शांतपणे रंगमंचावर नेऊन बसवले आणि प्रसंग सुरू केला. प्रोकोफिएव्हने ऐकले, मान्य केले आणि काही जागा वाद्ये वाढवून पुन्हा लिहिल्या. पुढे मात्र त्याला न विचारताही बदल झाले. वादकांनी तर आधी संपाचीच भाषा केली होती. पहिल्या प्रयोगानंतरच्या मेजवानीत उलानोवाने शेक्सपियरच्या अखेरच्या ओळीला पुस्ती जोडली. जगात रोमिओच्या कथेहून दुःखाची कथा नाही, प्रोकोफिएव्हच्या संगीताची सोडून, असा तिचा आशय. सगळे हसले. पण हीच उलानोवा नंतर सांगत असे, की जे संगीत आम्हांला कळत नव्हते ते ऐकता ऐकता अंगात भिनले, आणि आता ज्युलिएट दुसऱ्या कुठल्या संगीतावर कल्पवतच नाही.

आता तीन तुकडे ऐकवतो. पहिला, सरदारांचा नाच. खाली खर्जात जड पावले पडत राहतात, वर व्हायोलिने ताठ मानेने चढत-उतरत जातात. दोन घराण्यांचे वैर एका चालीत आहे. मध्येच सगळे थांबून बासरी येते. ज्युलिएट, जो नको आहे त्या पॅरिसबरोबर, थंडपणे नाचते आहे. दुसरा तुकडा, लहान मुलगी ज्युलिएट. व्हायोलिनच्या पळत्या ताना, जशी घरात धावणारी पोर. मग चाल एकदम संथ होते, तिला आरशात आपण मोठ्या झालो असे दिसावे तशी. तिसरा, टायबाल्टचा मृत्यू. तलवारीची झटापट झाल्यावर वाद्यवृंद एकच आघात पुन्हा पुन्हा करतो. आम्ही मोजले, पंधरा. मागच्या वेळी ऐकताना आमच्यातल्या एकाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला आणि चहा गार झाला.

(येथे तीन तुकडे ऐकवले.)

हे लिहिणारा माणूस त्या दिवसांत कुठे उभा होता? १९३८ साली तो अमेरिकेचा दौरा करून आला. मुले मॉस्कोलाच ठेवावी लागली होती, तेव्हा परतणे भागच होते. त्यानंतर त्याला देशाबाहेर जायला मिळाले नाही. १९३९ च्या जूनमध्ये त्याचा मित्र, थोर नाट्यदिग्दर्शक मेयेरहोल्ड, याला अटक झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत गोळी घातली गेली. त्याच १९३९ साली प्रोकोफिएव्हने स्टालिनच्या साठाव्या वाढदिवसासाठी स्तुतीचे समूहगान लिहिले. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. तो भित्रा होता, कावेबाज होता की नुसता बाप होता, यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला आणि एकमत झाले नाही. दूर, सुरक्षित घरात बसून त्याचा निवाडा करणे आम्हांला सोपे वाटत नाही, एवढेच म्हणतो.

१९४१ साली त्याने लीनाचे घर सोडले आणि मीरा मेंडेलसोन या तरुण लेखिकेबरोबर राहू लागला. युद्ध आले. कलावंतांना मॉस्कोबाहेर हलवले. नाल्चिक, त्बिलिसी, अल्मा-आता, पेर्म असे फिरत त्याने 'सिंड्रेला' हा बॅले पुरा केला. युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९४५ मध्ये, तो बोल्शोयला आला. त्यातला मध्यरात्रीचा प्रसंग घरी जरूर ऐका. लाकडी ठोकळ्यावर घड्याळाची टकटक होते, मग बाराचे टोले, आणि सारा वाद्यवृंद त्या टोल्यांखाली चिरडतो. परीकथेतले ते घड्याळ युद्धातून आलेल्या माणसाने लावलेले आहे. त्यात विनोदही आहे. राजपुत्र संत्री वाटतो तेव्हा प्रोकोफिएव्हच्याच 'तीन संत्र्यांचे प्रेम' या ऑपेरातली चाल वाजते.

त्याच वर्षी जानेवारीत तो पडला, डोक्याला मार बसला. रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी काम मोजून द्यायला सुरुवात केली. दिवसाला अमुक इतकाच वेळ लिहायचे.

मग १९४८. फेब्रुवारीत पक्षाचा ठराव आला. शोस्ताकोविच, खाचातुरियान यांच्याबरोबर प्रोकोफिएव्हचे संगीतही जनतेला परके ठरले. प्रयोग थांबले, पैसे थांबले. आदल्याच महिन्यात त्याने मीराशी लग्न केले होते. ठरावानंतर दहा दिवसांनी लीनाला अटक झाली. परदेशी लोकांशी संबंध, हेरगिरी, वीस वर्षांची शिक्षा. नवऱ्याच्या ओढीमागे आपला देश नसलेल्या देशात आलेली ती बाई उत्तरेच्या बर्फातल्या छावण्यांत गेली. १९५६ साली सुटली, १९७४ साली देश सोडू शकली, १९८९ साली लंडनला वारली. प्रोकोफिएव्हच्या घरवापसीचा हिशेब करताना लीनाचे नाव खर्चाच्या बाजूला पहिले लिहावे लागते. ते बहुतेक वेळा लिहिले जात नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

या काळात तो आपला शेवटचा बॅले लिहीत होता, 'दगडी फूल'. उरल पर्वतातली लोककथा, बाझोव्हने लिहिलेली. दानिला हा पाथरवट. मॅलाकाइटच्या हिरव्या दगडातून जिवंत फुलासारखे पात्र घडवायचे, या ध्यासाने तो तांब्याच्या डोंगराच्या मालकिणीकडे जातो. ती त्याला परिपूर्ण फूल दाखवते, आणि ठेवून घेते. गावात कातेरिना त्याची वाट पाहते, शोधत जाते आणि शेवटी सोडवून आणते. बोल्शोयमध्ये संगीत वाजवून दाखवले तेव्हा पुन्हा तेच, जड आहे, उदास आहे, नाचता येत नाही. आजारी प्रोकोफिएव्ह बदलत राहिला. १ मार्च १९५३ ला तालमी सुरू झाल्या. ५ मार्चला तो दानिला आणि कातेरिनाच्या युगुलनृत्यावर काम करीत होता. त्याच रात्री नऊच्या सुमारास तो गेला. वय एकसष्ट.

त्याच रात्री, तासाभराने, स्टालिन मेला.

प्रोकोफिएव्हचे घर क्रेमलिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. रस्ते बंद, लाखोंची गर्दी. शववाहिका दारापर्यंत येईना, पेटी हातांवर न्यावी लागली. शहरातली फुले सगळी स्टालिनकडे गेलेली. वर्तमानपत्रात त्याच्या मृत्यूची बातमी यायला दिवस लागले. संगीताच्या मुख्य मासिकात ती छोटीशी बातमी ११६ व्या पानावर होती, आधीची ११५ पाने स्टालिनला दिलेली. 'दगडी फूल'चा प्रयोग पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९५४ मध्ये झाला. कातेरिना झाली होती उलानोवा.

एवढे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एक प्रश्न दर वेळी निघतो. त्याने परतायला नको होते का? पॅरिसला राहता तर जीव सुखी राहिला असता, लीना वाचली असती. पण 'रोमिओ' पुरा झाला असता का? 'सिंड्रेला'? 'पीटर आणि लांडगा'? आमच्यातल्या शिक्षकांचे म्हणणे, की भाषेसाठी परतणाऱ्याला भाषा मिळाली, बाकीची किंमत त्याने आणि इतरांनी मोजली. पेटीवाले म्हणतात, कलावंताची किंमत घरच्या बाईने मोजायची, हा न्याय आम्हांला मान्य नाही. आम्ही या दोन्ही वाक्यांच्या मध्ये बसलो आहोत. तुम्ही ठरवा.

एक मात्र खरे. घर ही जागा थांबून राहत नाही. तो परतला ते घर त्याने १९१८ साली सोडलेले घर नव्हते. दोनेत्स्कच्या विमानतळाला त्याचे नाव दिले होते. २०१४ च्या लढाईत तो विमानतळ उद्ध्वस्त झाला. पण ज्या संगीताला नाचता येत नाही म्हणून दोनदा परत पाठवले, त्यावर आज लंडनपासून टोकियोपर्यंत नर्तक नाचतात. ठेका सापडत नाही म्हणून रडणाऱ्या त्या तालमीत कुणाला हे पटले असते?

ज्यांना आज पहिल्यांदाच ऐकायचे आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी नातवंडांना मांडीवर घेऊन 'पीटर आणि लांडगा'. त्यात प्रत्येक प्राण्याला एकेक वाद्य आहे, वाद्यांची ओळख होते. मग 'रोमिओ'मधले आज ऐकवलेले तीन तुकडे, दोन-तीन वेळा. पहिल्यांदा कान बिचकतो, तिसऱ्यांदा चाल गुणगुणता येते. मग 'सिंड्रेला'तली मध्यरात्र. आणि संपूर्ण बॅले शेवटी, पडद्यावर पाहत, कारण हे संगीत शरीरासाठी लिहिले आहे.

आमच्या पेटीवाल्यांनी तो 'हिंदुस्थानी गॅलप' पेटीवर बसवला आहे. काळी पाच न दाबता. काकूंची परवानगी असेल तर तो वाजवून आम्ही खाली बसतो.